‘लक्ष्मीनारायण’मध्ये अक्षरं किती?

प्रश्न: आमच्या शाळेच्या प्रवेशअर्जात नावाच्या रकान्याला ‘मॅक्सलेंग्थ’ (कमाल लांबी) २० दिली आहे. इंग्रजी नावं बसतात; मराठीत आडनाव पुरं व्हायच्या आत रकाना अडतो. यादीत नाव आखूड करून दाखवलं, तर शेवटी पाय मोडलेलं अक्षर लटकतं. काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर: रकाना अक्षरं मोजतच नाही, म्हणून हा घोळ. ‘मॅक्सलेंग्थ’ आणि जावास्क्रिप्टमधली ‘लेंग्थ’ दोन्ही यूटीएफ-१६ची, म्हणजे मजकूर साठवायच्या एका पद्धतीची, एककं मोजतात. देवनागरीत काना, वेलांटी, पाय मोडायची खूण हे प्रत्येकी एक एकक. ‘लक्ष्मीनारायण’ची एककं भरतात १३, वाचणाऱ्याला दिसतात सहा अक्षरं: ल, क्ष्मी, ना, रा, य, ण. मजकूर कापणाऱ्या ‘स्लाइस’ने पहिली पाच एककं घेतली की उरतं ‘लक्ष्’. तुमच्या यादीत लटकतं ते हेच.

स्ट्रिंग (मजकूर) स्प्रेड करून, म्हणजे तिचे कोडपॉइंट (युनिकोड या लिप्यांच्या जागतिक मानकातली सुटी चिन्हं) वेगळे करून मोजा, असा सल्ला सर्रास मिळतो. त्याने इमोजीचा प्रश्न थोडाफार सुटतो. मराठीत आकडा १३ च राहतो.

यासाठी ब्राउझरमध्येच ‘इंटल.सेगमेंटर’ हा मजकुराचे तुकडे पाडणारा घटक आहे. भाषा ‘एमआर’ (मराठी) आणि ग्रॅन्युलॅरिटी, म्हणजे तुकड्याचा आकार, ‘ग्राफीम’ (वाचणाऱ्याला दिसणारं अक्षर) देऊन तो एकदाच तयार करा. दर कळीला नवा बनवला तर पान जड होतं. ‘सेगमेंट’ला मजकूर द्या, मिळालेले तुकडे अ‍ॅरेत घ्या आणि मोजा. आखूड करायचं असेल तर हवे तितके तुकडे घेऊन पुन्हा जोडा.

एक खाच मात्र आहे. जोडाक्षर अखंड धरायचा नियम युनिकोडमध्ये १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारा ब्राउझर ‘क्ष्मी’चे क्, ष्, मी असे तीन तुकडे करतो आणि सहाऐवजी आठ सांगतो. सर्व्हर नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीवर) असेल तर तिथला आकडाही ब्राउझरशी जुळेलच असं नाही. म्हणून सेगमेंटरचा आकडा फक्त ‘इतकी अक्षरं उरली’ हे दाखवायला वापरा. अर्ज नाकारायचा की नाही, हे त्यावर ठरवू नका. मुलाचं खरं नाव अर्जात मावत नाही, ही गैरसोय लहान नव्हे. खरी मर्यादा सैल ठेवा. मायएसक्यूएल या डेटाबेसमधला ‘व्हारचार’ हा मजकुराच्या कॉलमचा प्रकार कोडपॉइंट मोजतो, तेव्हा २० अक्षरांच्या नावासाठी १०० चा कॉलम घ्या.

टाइप करता करता मजकूर छाटूही नका. फोनेटिक कीबोर्डवर शब्द अर्धवट असतानाच मजकूर बदलल्याची खबर, म्हणजे ‘इनपुट’ इव्हेंट, येतो आणि मध्येच छाटलं की अक्षरं दुमडतात, दुप्पट होतात. शब्द पुरा झाल्याची खबर देणाऱ्या ‘कंपोझिशनएंड’ इव्हेंटपर्यंत थांबा.

प्रश्न: अशी नवी सोय निर्धास्तपणे कधी वापरायची?

उत्तर: ‘बेसलाइन’ची, म्हणजे सोय मुख्य ब्राउझरांत आली का ते सांगणारी, खूण बघा. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या सगळ्यांत सोय आली की ती ‘नव्याने उपलब्ध’ ठरते, आणि ३० महिन्यांनी ‘सर्वत्र उपलब्ध’. सेगमेंटर क्रोममध्ये २०२० मध्ये आला, सफारीत २०२१ मध्ये. फायरफॉक्सने मात्र एप्रिल २०२४ पर्यंत वाट पाहायला लावली. पालकांचे फोन जुने असतात, तेव्हा ‘इंटल’मध्ये सेगमेंटर आहे का ते आधी तपासा. नसेल तर आकडा दाखवूच नका. अर्ज त्याच्याशिवायही भरता आला पाहिजे.