पुढची गाडी झिंगल्यासारखी चालली आहे, पोलिसांना कळवू का?

(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : पुणे–सातारा रस्त्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास पुढची पांढरी जीप एकदा दुभाजकाकडे, एकदा साइडपट्टीवर जात होती. एक ट्रक थोडक्यात वाचला. मी काही न करता घरी आलो. चालक प्यायलेलाच होता हे मी कशावरून सांगणार? आणि नसला तर उगाच एखाद्याच्या मागे पोलिसांचं लचांड लागायचं. कळवायला हवं होतं का?
— एक वाचक, वाई

उत्तर : हो, आणि तेव्हाच. कायद्याने तुमच्यावर तशी सक्ती नव्हती, पण त्या ट्रकवाल्यानंतर समोरून कोण येणार होतं हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं आणि जीपवाल्यालाही.

तो प्यायला आहे की नाही, हे ठरवायची जबाबदारी तुमच्यावर नाही. ११२ ला फोन लावून ‘दारुडा गाडी चालवतोय’ असं म्हणूच नका. जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच सांगा : ‘जीप लेन सोडून दोन्हीकडे जातेय, दुभाजकाला घासता घासता राहिली, दिवे बंद आहेत.’ अशी गाडी चालवणारा झोपेत असू शकतो. मधुमेही असेल आणि साखर एकदम उतरली असेल, तर त्याचीही जीभ जड होते, घाम फुटतो, भान सुटतं. बघणाऱ्याला वाटतं चढली आहे. स्टिअरिंगमध्येही बिघाड असू शकतो. यातलं काहीही असलं तरी ती गाडी थांबवायलाच हवी. त्यामुळे दारू निघाली नाही, तरी तुमचा फोन चुकीचा ठरत नाही. खोट्या माहितीबद्दल शिक्षा आहे (भारतीय न्याय संहिता, कलम २१७), पण ती खोटं आहे हे माहीत असताना सांगणाऱ्याला. पाहिलं ते प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला त्या कलमाची भीती नाही.

फोनवर सांगण्याचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण घाटात फोन मध्येच तुटतो. आधी जागा आणि दिशा : कोणता महामार्ग, कुठून कुठे चालली आहे, नुकताच कोणता टोलनाका, पूल किंवा फाटा मागे पडला. किलोमीटरचा दगड दिसला तर उत्तमच. एवढं कळलं की पुढच्या गस्तीच्या गाडीला वाट अडवून उभं राहता येतं. मग गाडी : नंबर, रंग, प्रकार. पूर्ण नंबर दिसला नाही तर शेवटचे चार आकडे पुरतात. मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलं असेल तर तेही सांगा, रात्री ओळख पटवायला त्याचा उपयोग होतो. शेवटी, गाडी कशी चालली आहे आणि आत किती माणसं दिसतात. फोन ठेवण्यापूर्वी तक्रारीचा क्रमांक विचारून घ्या. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही मदतवाहिनीही आहे, पण अशा वेळी आधी ११२.

फोन शेजारी बसलेल्याने करावा. तुम्ही एकटेच असाल तर पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर गाडी उभी करूनच करा. हातात फोन धरून गाडी चालवणं हा स्वतःच गुन्हा आहे. थांबण्यात पाच मिनिटं गेली, तर ताशी ८० च्या वेगाने ती जीप साडेसहा किलोमीटर पुढे गेलेली असते. म्हणून ‘आत्ता’ असं मोघम न बोलता किती वाजता कुठे पाहिली ते सांगा.

आणि मागे राहा. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, तेव्हा निदान शंभर मीटर अंतर ठेवा. ओव्हरटेक करू नका. तो तुमच्या मागे आला की तुम्हीच त्याच्या तावडीत सापडता. हॉर्न वाजवून, डिपर मारून ‘शुद्धीवर आणण्याचा’ प्रयत्न हमखास उलटतो. दचकून तो ब्रेक मारतो, नाहीतर इरेला पेटून पळवतो.

घरी पोचल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी कळवलं, तर मद्यपान करून गाडी चालवल्याची केस उभी राहत नाही, कारण तेव्हाची तपासणीच झालेली नसते. डॅशकॅमचं चित्रण असेल तर धोकादायक वाहन चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली कारवाई होऊ शकते. चित्रण पोलिसांना द्या. सोशल मीडियावर टाकू नका. नंबरावरून लोक मालकाला झोडपतात आणि चालवणारा भलताच निघतो.

प्रश्न : फोन केला तर त्या माणसाला माझं नाव कळेल का? साक्षीसाठी कोर्टात खेपा घालाव्या लागतात का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची केस यंत्राच्या आकड्यावर उभी राहते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल भरलं की गुन्हा. गणवेशातला पोलीस फुंकर मारायला लावतो, आकडा मर्यादेच्या वर गेला किंवा दारूचा संशय असताना चालकाने फुंकायला नकार दिला, तर वॉरंटशिवाय अटक करता येते. अटकेनंतर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी व्हावी लागते, नाहीतर त्याला सोडावं लागतं. या सगळ्यात साक्ष पोलिसाची, यंत्राची आणि डॉक्टरची. तुमचा फोन म्हणजे त्यांनी गाडी थांबवण्याचं केवळ निमित्त. त्यामुळे फोन करणाऱ्याला कोर्टात बोलावण्याची वेळ सहसा येत नाही.

तुमचा नंबर ११२ च्या नोंदीत राहतो. नाव गुप्त ठेवायला सांगा. गाव लहान असेल तर नाव फोनवरून फुटत नाही, ते फुटतं आपल्या वागण्यातून. पोलीस आल्यावर बघायला उभे राहू नका आणि पारावर विषय काढू नका.

एक घोळ नेहमी होतो. मदतनिसाला संरक्षण देणारं कलम १३४-अ (सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर २०१९ मध्ये कायद्यात आलं) हे अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्यासाठी आहे. जखमीला दवाखान्यात पोचवलंत तर नाव-पत्ता देण्याची तुमच्यावर सक्ती नाही. नुसती गाडीची खबर देणारा त्या कलमात बसत नाही, आणि त्याला त्याची गरजही पडत नाही.

प्रश्न : हळदीच्या कार्यक्रमातून एक पाहुणा झोकांड्या खात गाडीकडे निघाला. चावी काढून घेतली असती तर?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : ओळखीचा असेल तर जरूर घ्या, आणि त्याने इंजिन सुरू करण्याआधी घ्या. चारचौघांत ओरडून काढून घेतली की तो हट्टाला पेटतो. त्याचा जो शब्द ऐकतो अशा मामाला किंवा मित्राला पुढे करा, दुसरी गाडी दारात उभी करा आणि मगच चावी मागा.

अनोळखी माणसाच्या चावीला हात लावू नका. सामान्य नागरिकाला एखाद्याला पकडून ठेवण्याचा अधिकार अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्ह्यापुरता आहे; कलम १८५ जामीनपात्र आहे. झटापट झाली तर केस तुमच्यावर येईल. हॉलच्या व्यवस्थापकाला किंवा रखवालदाराला गाठा, फाटक लावून घ्यायला सांगा, ११२ ला नंबर द्या. कलमात ‘चालवण्याचा प्रयत्न’ही धरलेला आहे, त्यामुळे गाडी रस्त्याला लागेपर्यंत फोन थांबवण्याचं कारण नाही.

प्रश्न : आमचे हे एमआयडीसीतून सुटल्यावर पिऊनच मोटरसायकलवर येतात, आणि येताना धाकट्या मुलीला क्लासवरून मागे बसवून आणतात. सांगून सांगून थकले. पोलिसांना सांगावं तर घरात काय होईल याची भीती वाटते. घरचाच माणूस, मन धजत नाही.
— एक भगिनी, अहिल्यानगर

उत्तर : ताई, पोलिसांचं नंतर बघू. मुलीला आजपासून त्या गाडीवर बसवायचं नाही. क्लासच्या बाईंना सांगून ठेवा की तुम्ही किंवा तुम्ही सांगाल ती व्यक्ती आल्याशिवाय तिला सोडायचं नाही. मैत्रिणीच्या आईबरोबर, रिक्षाने, जमेल तसं. तेही जमेना तर क्लास महिनाभर बंद राहू दे.

मग गाडी कोणाच्या नावावर आहे ते आरसी बुकात पाहा. तुमच्या नावावर असेल तर चावी तुमच्याकडे ठेवा. पिऊन चालवणार हे माहीत असूनही गाडी हातात दिली, तर गुन्ह्याला साथ दिल्याचा ठपका कलम १८८ खाली येऊ शकतो. घरात हे सांगायला एक आधारही होतो : ‘माझ्यावर केस होईल.’

पोलिसांना सांगायचं ठरवलंत तर ‘नवरा पितो’ अशी तक्रार नेऊ नका. ती घरगुती भांडण म्हणून बाजूला पडते. वेळ आणि रस्ता द्या. रोज साडेसहा ते सातच्या दरम्यान अमुक नाक्यावरून अमुक नंबरची गाडी येते, एवढं पुरे. ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता असला की नाकाबंदी लावणं सोपं जातं, आणि नाकाबंदीत दहाजणांबरोबर ते सापडले की खबर कोणी दिली हा प्रश्न निघत नाही. गावात पोलीस पाटील विश्वासाचे असतील तर त्यांच्यामार्फतही हे होतं.

याची किंमत आधीच सांगून ठेवतो. पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडल्यास पंधरा हजार, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. परवाना निलंबित होतो. दंड घरखर्चातूनच जाणार आणि त्या महिन्यात चणचण भासणार, हे आम्हाला कळतं. पण प्यायलेल्या अवस्थेत अपघात झाला, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी फेटाळते. आणि कोणाचा जीव गेला तर सदोष मनुष्यवधाच्या कलमापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. त्यापुढे दहा हजारांचा दंड सोसवतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

फारशी माहीत नसलेली आणखी एक वाट आहे. अट्टल मद्यपीचा परवाना अपात्र ठरवण्याचा अधिकार कलम १९ ने परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला, म्हणजे आरटीओला दिलेला आहे. लेखी अर्ज, सोबत असतील ते दवाखान्याचे कागद, आधीच्या दंडाच्या पावत्या. मात्र निर्णयाआधी त्यांचं म्हणणं ऐकलं जातं, म्हणजे अर्ज त्यांना कळणार. घरात हात उगारला जात असेल तर हा मार्ग एकटीने धरू नका. आधी माहेरचं किंवा सासरचं कोणी पाठीशी घ्या. मारहाण झाली तर ११२ किंवा महिलांसाठीची १८१.

दारू सुटण्यासाठी १४४४६ ही केंद्र सरकारची मोफत व्यसनमुक्ती मदतवाहिनी आहे. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतं आहे. मात्र घरी कोंडून एकदम दारू बंद करू नका. रोज पिणाऱ्याची एकाएकी बंद झाली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते, जिवावर बेततं. बंद करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

प्रश्न : सकाळी सात वाजता शाळेच्या व्हॅनच्या काकांच्या तोंडाला वास आला. म्हणाले, ‘रात्री घेतली होती, आता उतरली.’ खरं असू शकतं का?
— एक पालक, कल्याण

उत्तर : हिशेब करून पाहा. ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. ७० किलोच्या पुरुषात त्याने रक्तातला आकडा साधारण १३० पर्यंत जातो. उतरतो तो तासाला १५ च्या आसपास. रात्री एकच्या सुमाराला तो १३० वर असेल, तर सकाळी सातला ४० उरतो, मर्यादा ३०. माणूस बारीक असेल किंवा जेवलेला नसेल तर अधिक. लिंबूपाणी, कडक चहा, गार पाण्याची आंघोळ यांनी तरतरी येते, यकृताचा वेग वाढत नाही. गटारीच्या दुसऱ्या सकाळी असेच चालक रस्त्यावर असतात.

तेव्हा त्या सकाळी मुलाला बसवू नका आणि आत बसलेल्या मुलांनाही उतरवून घ्या. आपलं मूल काढून घेऊन व्हॅन जाऊ दिली तर बाकीच्या दहा मुलांचं काय? स्टॉपवरच्या इतर पालकांना बोलवा, तिथूनच ११२ ला आणि मुख्याध्यापकांना फोन करा. ‘माउथवॉशचा वास आहे’ असं तो म्हणाला तर त्याला पाण्याने चूळ भरू द्या आणि पोलीस येईपर्यंत थांबवा. तोंडातलं अल्कोहोल पंधरा मिनिटांत निघून जातं, रक्तातलं तसंच राहतं.

नंतर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या. प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. एक प्रत त्यांना, एक आरटीओला, दोन्हींवर पोच घ्या. तोंडी सांगितलं तर काकांना चार दिवस सुट्टी मिळते आणि पाचव्या दिवशी ते पुन्हा हजर.

प्रश्न : आमच्या भागात पकडलेला माणूस तिथेच पैसे देऊन सुटतो असं ऐकतो. मग कळवून उपयोग काय?
— एक वाचक, वर्धा

उत्तर : हेल्मेटचा दंड जागेवर भरून मिटतो, कलम १८५ चा नाही. हा गुन्हा तडजोडीने मिटवता येणाऱ्यांच्या यादीतच नाही, तो कोर्टातच जातो. म्हणून रस्त्यावर ‘पावती फाडली, सोडलं’ असं कोणी सांगितलं, तर ती पावती दुसऱ्याच कशाची तरी आहे किंवा पावतीच नाही.

तुमच्या हातात तक्रारीचा क्रमांक असतो. तास-दोन तासांनी त्याच क्रमांकावरून पुढे काय झालं ते विचारा. फोन येऊनही गाडी सोडली असेल तर ते नोंदीत दिसतं, आणि पोलीस उपअधीक्षकांकडे अर्ज करताना तीच नोंद कामाला येते. पैसे मागितल्याचं स्वतः पाहिलं असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.