हृदयविकार आणि कामाचे खाडे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांत 'झटका आला, आता काय खावं' यापेक्षा 'झटका आला, आता कामाचं काय' हा प्रश्न होता. म्हणून हे सदर सगळं त्यालाच दिलं आहे. औषधांचे डोस मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदलावेत.

प्रश्न : वडील ५२ वर्षांचे, मार्केट यार्डात हमाली करतात. दोन महिन्यांपूर्वी झटका आला, एक स्टेंट घातला. डिस्चार्ज कार्डावर 'जड काम टाळावे' एवढंच लिहिलंय. किती किलो म्हणजे जड? घरी बसून ते फार चिडचिडे झालेत. (एक वाचक, पुणे)

उत्तर : 'जड काम टाळावे' ही ओळ जवळजवळ प्रत्येक कार्डावर असते. तिच्यामुळे टेबलावर बसणारा कारकूनही तीन-तीन महिने घरी राहतो आणि हमाल मात्र पैशाच्या ओढीनं पंधराव्या दिवशी गोणी उचलतो. दोघांचंही चुकतं, कारण मोजमाप कुणाचंच झालेलं नसतं.

आधी तीन गोष्टी हातात घ्या. पहिली, टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवरचा ईएफ, म्हणजे एका ठोक्याला हृदयाचा डावा कप्पा त्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा. ५५च्या आसपास किंवा वर असेल तर उत्तम. ४०च्या खाली असेल तर अंगमेहनतीचा विचार सध्या बाजूला ठेवा. दुसरी, अँजिओग्राफीचा रिपोर्ट : स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) घातलेल्या नळीशिवाय दुसऱ्या नळीत मोठा अडथळा शिल्लक आहे का? तिसरी, स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर चालवून घेतात ती टीएमटी. ती अजून झाली नसेल तर कधी करायची ते पुढच्या तपासणीला विचारा.

टीएमटीच्या रिपोर्टवर 'मेट' नावाचा आकडा असतो. सगळे फक्त 'निगेटिव्ह' हा शब्द वाचतात आणि कामाचा आकडा तसाच राहतो. शांत बसलेल्या माणसाला जेवढा प्राणवायू लागतो तो १ मेट. टेबलावरचं काम साधारण दीड, सपाटीवर रमतगमत चालणं अडीच ते तीन, जिना चढणं चारच्या पुढे, पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन चालणं साडेसात-आठच्या घरात. नेहमीच्या टीएमटीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. दुसरा टप्पा पूर्ण केला तर सुमारे ७ मेट, तिसरा पूर्ण केला तर सुमारे १० मेट.

आता हिशेब. आठ तासांच्या पाळीत कामाची सरासरी आपल्या कमाल क्षमतेच्या ३५ ते ४० टक्क्यांच्या वर जाऊ नये, आणि मध्येच येणारा जोराचा क्षण ८० टक्क्यांच्या आत असावा. वडिलांनी ७ मेट गाठले असतील तर सरासरी अडीच-पावणेतीन आणि जोर साडेपाचपर्यंत. यात तोलाई, पोत्यांची शिलाई, मालाच्या हिशेबाची पट्टी लिहिणं, सपाटीवर हलकी हातगाडी ढकलणं बसतं. पन्नास किलोची गोणी बसत नाही. १० मेट गाठले तरी गोणी अगदी काठावर येते.

शिवाय टीएमटी ही पायांची परीक्षा आहे. गोणी उचलताना माणूस श्वास कोंडतो, त्या क्षणी रक्तदाब एकदम उसळतो आणि हे पट्ट्यावर दिसत नाही. म्हणून वजन परत सुरू कराल तेव्हा पाच किलोपासून, उचलताना श्वास सोडत, आणि जेवणानंतर निदान तासभर थांबून. नुसतं घरी बसून क्षमता वाढत नाही, उलट घटते. डॉक्टरांची परवानगी असेल तर सपाटीवर रोज दोन वेळा दहा-दहा मिनिटं चालणं आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढ, असं करत ३० ते ४० मिनिटांपर्यंत न्या. वेग असा ठेवा की चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. कार्डिअॅक रिहॅबची, म्हणजे झटक्यानंतर देखरेखीखाली व्यायाम करून घेण्याची, सोय जवळ असेल तर सोडू नका. तिथला ठरलेला क्रम बारा आठवड्यांचा, ३६ सत्रांचा असतो. त्यानंतर टीएमटी पुन्हा करून नवा आकडा घ्या. कामावर परततानाही पहिले दोन आठवडे अर्धी पाळी करा.

(बायपास झालेल्यांसाठी हिशेब वेगळा. तिथे अडसर हृदयाचा कमी, छातीच्या हाडाचा जास्त. तारेनं बांधलेलं ते हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर दोन-चार किलोच्या वर काही उचलू नये, आणि बारा आठवड्यांपर्यंत जड काम नाहीच.)

चिडचिडेपणाबद्दल : झटक्यानंतर साधारण पाचांतल्या एकाला खरंखुरं नैराश्य येतं. झोप उडणं, जेवणावरची वासना जाणं, 'आता माझा काय उपयोग' असं पुन्हा पुन्हा म्हणणं दोन आठवड्यांच्या वर टिकलं तर डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत. कामावर उशिरा परतण्यामागे किंवा परतूनही मन न लागण्यामागे पुष्कळदा हेच असतं.

प्रश्न : आमचा ४० माणसांचा वर्कशॉप आहे. एका सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्राच्या) ऑपरेटरला झटका आला. पगाराखेरीज आमचं नुकसान नेमकं किती, आणि ते मोजायचं कसं? (एक उद्योजक, नाशिक)

उत्तर : बहुतेक मालक फक्त गैरहजेरी मोजतात. एक उदाहरण मांडू. समजा रोज ९०० रुपये, आठ तासांची पाळी, २६ दिवस खाडा. त्याचं काम दुसऱ्यानं रोज दोन तास ओव्हरटाइम करून ओढलं, दुप्पट दरानं : ताशी २२५ रुपये, ५२ तास, ११,७०० रुपये. तरीही यंत्र २० दिवस रोज तीन तास उभं राहिलं. यंत्रतासाचा दर ५०० धरला तर ३०,००० रुपये. मग तो परत आला, पण पहिले ३६ दिवस पाऊणच काम झालं : ९०० चा चौथा हिस्सा गुणिले ३६, म्हणजे ८,१०० रुपये. एकूण ४९,८००. यात त्याचा पगार, बाद गेलेला माल आणि उशिरा गेलेली ऑर्डर धरलेलीच नाही.

ती शेवटची रक्कम, म्हणजे माणूस हजर पण काम अपुरं, कुठल्याच मस्टरवर दिसत नाही. बीटा-ब्लॉकर (ठोके मंद करणाऱ्या) गोळीनं येणारा थकवा, अपुरी झोप, पुन्हा झटका येईल ही धास्ती, ही त्याची कारणं. पहिल्या महिन्यात त्याला रात्रपाळी न देणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

देशाच्या पातळीवर हेच गणित आयुष्याच्या वर्षांत मांडतात. २००४ सालच्या एका आंतरराष्ट्रीय अहवालानं असा अंदाज दिला होता की २००० साली भारतात ३५ ते ६४ या वयोगटातली ९२ लाख कमावती वर्षं हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी गेली, आणि २०३० पर्यंत हा आकडा १ कोटी ७९ लाखांवर जाईल. कारण वयात आहे. ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना जवळपास ५९व्या वर्षी. ही सहा वर्षं नेमकी हातात कसब आणि घरात कर्ज असण्याची.

तुमच्या हातात काय आहे? दंडावर बांधायचं रक्तदाबाचं स्वयंचलित यंत्र घ्या, मनगटी नको. चुका ठरलेल्या आहेत : माणूस जिना चढून आला की लगेच मोजणं, बाहीवरूनच पट्टा बांधणं, मोजताना गप्पा मारणं, जाड दंडाला लहान पट्टा. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, हात हृदयाच्या उंचीवर ठेवून दोनदा मोजा. वहीत १६० लिहून वही कपाटात गेली तर मोजण्याचा उपयोग शून्य. ज्याचा आकडा १४०/९० च्या वर आला त्याला डॉक्टरकडे धाडण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका. आणि ओव्हरटाइमकडे पाहा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अहवालानुसार, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत हृदयविकारानं मृत्यूचा धोका ३५-४० तासवाल्यांपेक्षा १७ टक्के जास्त आणि पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आढळला.

प्रश्न : पगार १८,००० आहे, ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो. बायपासनंतर तीन महिने बिनपगारी रजा टाकू का?

उत्तर : बिनपगारी टाकू नका, आधी ईएसआयचा दाखला घ्या. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना हे लागू. कामगाराकडून ०.७५ टक्का आणि मालकाकडून ३.२५ टक्के कापले जातात ते यासाठीच. आजारपण लाभ म्हणून सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात. अट अशी की संबंधित सहा महिन्यांच्या कालावधीत निदान ७८ दिवसांचं अंशदान भरलेलं असावं. पहिल्या दोन दिवसांचे पैसे सहसा मिळत नाहीत.

९१ दिवस पुरले नाहीत तर विस्तारित लाभ आहे : ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत, पण यादीतल्या आजारांनाच. झटक्यानंतर ईएफ ४५ टक्क्यांच्या खाली असणं, हृदय निकामी होत जाणं, शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत हे त्या यादीत बसतं. सुरळीत झालेली बायपास आपोआप बसत नाही. यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि मागच्या चार अंशदान कालावधींत १५६ दिवसांचं अंशदान लागतं. अर्ज अडकतो तो बहुधा एकाच कारणानं : इको रिपोर्टवर ईएफचा आकडाच नसतो, नुसतं 'मॉडरेट डिसफंक्शन' लिहिलेलं असतं. आकडा लिहून मागा.

प्रश्न : हृदयविकाराला अपंगत्वाचा दाखला आणि आयकरात सूट मिळते का?

उत्तर : दाखला नाही. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत हृदयविकार नाही. आयकरात ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर सूट देणाऱ्या ८०डीडीबी कलमातल्या आजारांतही तो नाही. एजंट काहीही सांगो.

प्रश्न : मी वेल्डर आहे, वय ४६. पेसमेकर बसवला. मालक म्हणतो आता वेल्डिंग बंद. खरंच बंद? (भोसरी)

उत्तर : सरसकट बंद नाही, पण यंत्र कुठलं आणि किती अँपिअरवर चालतं यावर ठरतं. पेसमेकर, म्हणजे ठोका चुकला की विजेच्या हलक्या धक्क्यानं तो देणारं यंत्र, हृदयाचे विद्युत-संकेत 'ऐकतो'. वेल्डिंगच्या केबलभोवतीचं चुंबकीय क्षेत्र जवळ आलं तर तो त्या गोंगाटालाच हृदयाचा ठोका समजतो आणि स्वतः थांबतो. ज्याचं हृदय पूर्ण पेसमेकरवर आहे त्याला भोवळ येते. शॉक देणारं आयसीडी यंत्र असेल तर धोका उलटा : गरज नसताना शॉक बसतो.

उत्पादकांच्या मार्गदर्शनात साधारण हे असतं. करंट १६० अँपिअरच्या खाली. आर्क आणि छातीवरचं यंत्र यांत निदान ६० सेंटिमीटर अंतर. अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या शक्य तितक्या जवळ, म्हणजे करंट अंगाजवळून फिरणार नाही. दोन्ही केबल एकमेकींना पीळ घालून एकत्र ठेवायच्या, त्यांची वेटोळी अंगावर किंवा खांद्यावर घ्यायची नाहीत (सवयीनं सगळे घेतात, चूक तिथेच होते). टाके मारताना सलग टकटक करायची नाही, दोन टाक्यांमध्ये काही सेकंद थांबायचं. हातमोजे आणि बूट कोरडे हवेत. एकट्यानं काम करायचं नाही. डोकं हलकं वाटलं की हत्यार सोडून लांब जायचं. बाजूला गेल्यावर पेसमेकर सहसा लगेच पूर्ववत चालतो.

४ मिलिमीटरच्या रॉडनं जाड प्लेट जोडताना करंट सहज १६० च्या वर जातो, म्हणून ते काम दुसऱ्याकडे. टिगची हाय-फ्रिक्वेन्सी सुरुवात, स्पॉट वेल्डिंग आणि इंडक्शन भट्टी यांपासून तर लांबच राहा. पाकिटातलं पेसमेकरचं ओळखपत्र घेऊन तपासणीला जा आणि त्या मॉडेलची वेल्डिंगची मर्यादा लेखी मागा. मालकाच्या हातात तो कागद द्या. तोंडी सांगून काही होत नाही.

प्रश्न : सुनेच्या हृदयाची झडप संधिवाताच्या तापानं खराब झाली आहे. गावी दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घेते. ऊसतोडीला निघालो की सहा महिने चुकतं. चालेल का? (बीड)

उत्तर : चालणार नाही. हा ताप ज्यातून येतो तो घशाचा जंतुसंसर्ग या इंजेक्शनमुळे पुन्हा होत नाही, आणि प्रत्येक नव्या तापात झडप आणखी आखडते. निघण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रातून तीन गोष्टी घ्या : निदान आणि डोस (मोठ्यांना बेंझाथिन पेनिसिलीन १२ लाख युनिट) लिहिलेलं कार्ड, शेवटच्या इंजेक्शनची तारीख, आणि इकोची झेरॉक्स. कारखान्याच्या तळावर पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळचं केंद्र गाठा. नव्या ठिकाणी 'रिअॅक्शन येईल' म्हणून टाळतात. आधीच्या डोसांच्या नोंदी कार्डावर असल्या की ते सोपं जातं. मुकादमाला तारखा आधीच सांगून ठेवा, त्या दिवशी अर्धा खाडा धरून कोयता (तोडणाऱ्या जोडीची मजुरी) हिशेबात लावायला. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणं तिला देऊ नका. दम लागायला लागला, रात्री उशी उंच करावी लागली किंवा दिवस गेले असतील, तर इंजेक्शनची तारीख यायची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना.