पहिल्या बोनसचे काय करावे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

यंदाची दिवाळी साधेपणाने करून पहिल्या बोनसमधून वाचलेले पैसे आणि घरातले जादा सामान गरजूंना द्यावे, असा तुझा विचार असल्याचे पत्रातून कळले. विचार चांगला आहे. मात्र घर हलके करणे आणि दान करणे ही दोन कामे एकाच गाठोड्यात बांधू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. माळा रिकामा करणे ही आपली गरज असते, घेणाऱ्याची नव्हे.

जुन्या कपड्यांचेच घे. दिवाळीची साफसफाई सुरू झाली की संस्थांच्या दारात गाठोडी येऊन पडतात. ती उघडली की बटणे तुटलेले शर्ट, चेन बिघडलेल्या पँटी, नाडी नसलेले परकर असा ऐवज निघतो आणि तो निवडण्यातच कार्यकर्त्यांचा वेळ जातो. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनारपट्टीवर मदत म्हणून पाठवलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला तसेच पडून राहिले होते. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेची पद्धत मला म्हणूनच पटते: गावकऱ्यांनी विहीर, रस्ता किंवा बंधारा यांसारखे स्वतःच्या गावाचे काम श्रमदानातून उभे करायचे आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे व गृहोपयोगी वस्तू घ्यायच्या, म्हणजे घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. तू कपडे देणार असशील तर धुऊन, बटणे लावून, घडी घालून दे. जे मित्राला देताना संकोच वाटेल ते देऊच नकोस.

दिवाळीच्या खर्चाला कात्री लावताना दिखाऊ भेटींपासून सुरुवात कर. सुक्या मेव्याचे आणि सोनपापडीचे डबे या घरातून त्या घरात फिरत राहतात, हे तुलाही ठाऊक आहे. फराळात मात्र काटकसर नको; चकली-करंजी घरी करून चार घरी पाठवण्यात फारसे पैसे जात नाहीत. तुझ्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींना एका पगाराइतका बोनस दिवाळीपूर्वीच हातात दे आणि तो दानाच्या हिशेबात धरू नकोस, कारण तुला बोनस मिळतो त्याच न्यायाने तो त्यांचा आहे.

उरलेल्या रकमेविषयी माझा आग्रह असा, की ती दिवाळीच्या चार दिवसांत संपवू नये. त्या दिवसांत अनाथाश्रमांत आणि वृद्धाश्रमांत मिठाई उतू जाते आणि पुढे जानेवारीत कोणी फिरकत नाही. दिवाळीच्याच सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आईबापांबरोबर मुले गेली की त्यांची शाळा सुटते; ती गावातच राहून शिकावीत म्हणून शाळांमार्फत हंगामी वसतिगृहे चालवली जातात. अशा मुलांची खरी निकड आपण सणाचे दिवे उतरवल्यावर सुरू होते आणि हंगाम संपेपर्यंत टिकते. बोनसचे पाच-सहा भाग करून दरमहा एक पाठवलास, तर तेथल्या लोकांना पुढचा बेत तरी आखता येईल.

रक्कम लहान आहे म्हणून संकोचू नकोस. महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे हिंगण्यात वाढलेल्या संस्थेसाठी दिवाळीच्या दिवसांत घरोघरी जाऊन भाऊबीज निधी गोळा केला जातो, आणि मुलींच्या शिक्षणाच्या त्या कामाला सामान्य घरांतून आलेल्या छोट्या छोट्या रकमांचा मोठा हातभार लागला आहे. एकदाच मोठी देणगी देऊन विसरणाऱ्यापेक्षा दरवर्षी न चुकता थोडे देणारा गृहस्थ अशा संस्थांना अधिक उपयोगी पडतो.

व्यवहाराचेही सांगतो. संस्थेची नोंदणी आणि मागील वर्षाचा ताळेबंद मागून घे. मागितल्याचा राग येणाऱ्या संस्थेला पैसे देऊ नकोस. करसवलत हवी असेल तर दोन हजारांहून अधिक रक्कम रोखीने देऊ नये आणि पावती जपून ठेवावी. तू नवी करप्रणाली निवडली असशील तर ही सवलत मिळणार नाही, तेव्हा तिचा विचार सोडूनच रक्कम ठरव. एखाद्या वसतिगृहाला मदत करायची झाल्यास आधी तेथल्या मुख्याध्यापकांना फोन करून नेमके काय कमी पडते ते विचार. मात्र सुट्टी संपून शाळा भरल्यावर आणि शक्यतो मधल्या सुट्टीत कर, एरवी ते वर्गावर असतात.

तुझा,
काका