पुढच्या सस्पेन्शनचं काम केल्यापासून गाडी डावीकडे ओढते, दोनदा अलाइनमेंट करूनही फरक नाही. आता काय तपासू?

पुढचे दोन्ही शॉकॲब (धक्के झेलणारे शॉक ॲब्झॉर्बर), लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) आणि टाय रॉड एंड (स्टिअरिंगची दांडी चाकाशी जोडणारा सांधा) नवे टाकले, टायर जुनेच आहेत आणि दोन अलाइनमेंटनंतरही गाडी डावीकडे जाते, असं तुम्ही लिहिलंय. तिसऱ्यांदा अलाइनमेंटला इतक्यात नेऊ नका. कामाआधी गाडी सरळ चालत होती ना? मग त्या कामात जे जे उघडलं, सैल केलं, हलवलं, त्यातच कारण सापडण्याची शक्यता जास्त.

आधी एक खात्री करा. गाडी खरंच ओढते, की सरळ जाताना फक्त स्टिअरिंग वाकडं राहतं? स्टिअरिंग वाकडं पण गाडी सरळ, असं असेल तर तो 'टो'चा प्रश्न आहे (वरून पाहिल्यास चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन), पुढच्या किंवा मागच्या चाकांचा. पुढच्या चाकांचा टो थोडा चुकला तरी चालताना दोन्ही चाकं तो आपसात वाटून घेतात. स्टिअरिंग तिरकं होतं, टायर घासतात, पण गाडी सहसा ओढत नाही. म्हणून नुसता टो जुळवून दिलेली अलाइनमेंट कितीही वेळा केली तरी तुमची तक्रार जाणार नाही.

मोकळ्या, सपाट रस्त्यावर हात स्टिअरिंगवर अलगद ठेवून बघा. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे कडेच्या बाजूला थोडं जाणं हा दोष नाही. जमल्यास उलट उतार असलेल्या भागावरही बघा. मग हे ठरवा की ओढ सतत आहे, फक्त ब्रेक दाबल्यावर आहे, की फक्त ॲक्सिलरेटर दिल्यावर. ॲक्सिलरेटर सोडताच ओढ जात असेल तर इंजिन माउंट आणि ड्राइव्ह शाफ्टकडे बघा. बाकीचं पुढे.

हवा मोजा, चाकं थंड असताना. कमी हवेच्या बाजूला गाडी जाते. हे सांगताना मलाच संकोच वाटतो, पण यातच उत्तर सापडलेले लोक मी पाहिलेत. नंतर पुढचे दोन टायर आपसात बदला. ओढ उजवीकडे गेली किंवा नाहीशी झाली तर टायर दोषी. "टायर तर तेच आहेत" म्हणू नका. टायरची आतली पट्टी किंचित सरकलेली असली की तो शंकूसारखा वागतो आणि एका बाजूला लोळतो. असा टायर मागे असेपर्यंत कळत नाही. चाकं काढली तेव्हा मागचं पुढे आलं असेल, तर त्याच दिवसापासून गाडी ओढायला लागते आणि शिव्या शॉकॲबला बसतात. टायर एकाच दिशेने फिरणारे असतील तर आपसात बदलण्याऐवजी एका बाजूचे पुढचा-मागचा बदलून बघा.

आता ब्रेक. शॉकॲब काढताना त्यावर बसवलेला ब्रेकचा होज (ऑइलचा रबरी पाइप) सोडावा लागतो. परत बसवताना तो पिळला जातो, किंवा काम चालू असताना कॅलिपर (डिस्क दाबून धरणारा ब्रेकचा भाग) होजवरच लटकत ठेवला तर आतलं रबर दुखावतं. पेडल दाबल्यावर ऑइल पुढे जातं, सोडल्यावर पूर्ण परत येत नाही, आणि त्या चाकाचा ब्रेक थोडा धरूनच राहतो. मोकळ्या रस्त्यावर काही अंतर, शक्य तितका कमी ब्रेक वापरून चालवा आणि थांबल्यावर दोन्ही रिमजवळ हात नेऊन उष्णता बघा (डिस्कला हात लावू नका). डावं चाक स्पष्ट जास्त गरम असेल तर गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, कुणाला तरी ब्रेक दाबून सोडायला सांगा आणि चाक फिरवा. जड फिरत असेल तर त्या कॅलिपरचा ब्लीडर (ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) थोडा सैल करा. लगेच मोकळं झालं तर ऑइल आत अडकलंय, म्हणजे संशय होजवर. तरीही जड असेल तर पिस्टन किंवा स्लाइड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो) अडकल्यात.

हे सगळं ठीक निघालं तर लोअर आर्मकडे या. माझा पहिला संशय खरं तर इथेच आहे, कारण ही चूक मी स्वतः केलीय. आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट गाडी हवेत, चाकं लोंबकळत असताना पूर्ण आवळले की रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते पिळलं जातं आणि आर्मला सतत खाली ढकलत राहतं. तो कोपरा किंचित उंच राहतो. दोन बाजू वेगवेगळ्या आवळल्या गेल्या तर उंची वेगळी, कोन वेगळे, आणि ते रबरही लवकर फाटतं. माझ्या वेळी मी आठवडाभर अलाइनमेंटवाल्याला दोष देत होतो. शेवटी गाडी रॅम्पवर स्वतःच्या चाकांवर उभी करून ते बोल्ट सैल केले, पुढून दोन-चार वेळा दाबून हलवली, परत आवळले आणि ओढ गेली. तुम्हीही हेच करा, पण त्यानंतर अलाइनमेंट पुन्हा लागेल, हे धरून चाला.

गाडी डावीकडे वळवून सोडल्यावर डावीकडे, आणि उजवीकडे वळवून सोडल्यावर उजवीकडे जात असेल, तर प्रकरण वेगळं आहे. शॉकॲबच्या वरचं बेअरिंग नीट बसलेलं नाही किंवा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोळ्याचा सांधा) घट्ट आहे. बॉनेट उघडून स्प्रिंगवर हात ठेवा आणि दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगा. अडकून झटक्याने सुटत असेल तर हाताला कळतं. इंजिन चालू करून पुढची चाकं उचलल्यावर स्टिअरिंग आपोआप फिरत असेल तर दोष पॉवर स्टिअरिंगमध्ये आहे. इलेक्ट्रिक असेल तर स्कॅनरने सेन्सरचं शून्य पुन्हा लावावं लागेल.

अलाइनमेंटचा कागद जपून ठेवलाय ना? सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत, आहेत म्हणून समाधान मानू नका, डाव्या-उजव्यातला फरक बघा. कॅम्बर म्हणजे चाकाचा झुकाव: वरची बाजू बाहेर झुकली की पॉझिटिव्ह, आत झुकली की निगेटिव्ह. डावा कॅम्बर +0.5 अंश आणि उजवा −0.5 अंश, दोन्ही मर्यादेत असू शकतात, पण 1 अंशाच्या फरकाने गाडी डावीकडे ओढणार, कारण ती जास्त पॉझिटिव्ह कॅम्बरच्या बाजूला जाते. कॅस्टरचं (बाजूने पाहिल्यास चाक ज्या अक्षाभोवती वळतं, त्याचा कल) उलट: जिथे पॉझिटिव्ह कमी, त्या बाजूला ओढ. कॅस्टर मोजायला चाकं दोन्हीकडे वळवावी लागतात, आणि घाईत हा टप्पा बऱ्याचदा गाळला जातो. शॉकॲब नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) जोडणाऱ्या दोन बोल्टच्या भोकात थोडी ढिलाई असते. एका बाजूला नकल आत आणि दुसऱ्या बाजूला बाहेर ढकलून आवळला तरी एवढा फरक पडू शकतो.

आणि विचारा की आर्म काढताना सबफ्रेम (खालची चौकट, जिला आर्म जोडलेले असतात) सैल केली होती का. ती कडेला सरकली तर एका बाजूचा कॅम्बर पॉझिटिव्हकडे आणि दुसरीकडचा तितकाच निगेटिव्हकडे जातो. तेव्हा कॅम्बर बोल्टने आकडे जुळवू नका, सबफ्रेम जागेवर आणा. डाव्या-उजव्या कॅम्बर-कॅस्टरचे आकडे इथे टाकलेत तर यातलं नेमकं काय आहे ते सांगता येईल.