‘मॅडम, शिकवलं तर पोरगं आणखी घाबरेल’

सांगलीत जून उजाडला की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आईवडिलांचे प्रश्न बदलतात. अभ्यास, मोबाइल, भावंडांची भांडणं मागे पडतात आणि पाण्याचा विषय निघतो. त्यातलाच नेहमीचा एक: संकटात काय करायचं हे मुलांना लहानपणीच शिकवावं, की त्यानं ती उगाच भेदरतात? एका घराची हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

घर कर्नाळ रस्त्याच्या बाजूला, पूरपट्ट्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा यांचं खालचं घर बुडालं होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा सामान हलवावं लागलं. मुलगा आता चौथीत. पावसाची झड लागली की त्याचं पोट दुखायचं, शाळा बुडायची, रात्री दप्तर उशाशी घेऊन झोपायचा. उठता बसता एकच प्रश्न, ‘मम्मी, पूर येणार काय?’ आणि आईचं ठरलेलं उत्तर, ‘नाही रे राजा, नाही येत.’

शाळेत आपत्तीबद्दल माहिती देणारा कार्यक्रम होता, त्या दिवशी आईनं त्याला मुद्दाम घरी ठेवलं. मला म्हणाली, “त्याच्यापुढं आम्ही पुराचं नावच काढत नाही. आधीच एवढा घाबरतोय, त्यात हे सगळं शिकवलं तर काय होईल?”

मुलाशी बोलायला बसले तर त्याला सगळं ठाऊक. आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका. कोयना धरणातनं काल किती क्युसेक पाणी सोडलं, तेही. ज्या घरात पुराचं नाव काढत नाहीत त्या घरातल्या पोराला हे कुठून कळलं? कुठून म्हणजे, मोठी माणसं स्वयंपाकघरात कुजबुजतात आणि वडिलांच्या मोबाइलवर दिवसभर तेच येत असतं.

“बरं, पाणी आलं तर तू काय करशील?” मी विचारलं.

बराच वेळ विचार करून म्हणाला, “मम्मी रडंल.”

“आणि तू?”

त्यानं खांदे उडवले. मम्मीचा मोबाइल नंबर विचारला तर म्हणाला, “पप्पांच्या फोनमध्ये सेव्ह आहे.”

गाठ इथेच होती. माहिती ढीगभर, पण त्याच्या हाताला काम काहीच नाही. अशा मोकळ्या हातांत भीती फार लवकर मावते. ‘पूर येत नाही’ ही हमी सांगलीत कुणीच देऊ शकत नाही, हे नऊ वर्षांच्या मुलालाही कळतं. म्हणून तो दिलासा दहा मिनिटं टिकतो आणि अकराव्या मिनिटाला प्रश्न पुन्हा हजर. आईला मी एकच वाक्य बदलायला सांगितलं. तो विचारेल तेव्हा म्हणा, ‘येईल की नाही ते नदीला ठाऊक. आला तर आपलं काय ठरलंय, सांग बघू.’

त्यासाठी आधी काहीतरी ठरवायला हवं होतं. घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवलं. पाणी अमुक ठिकाणी आलं की विश्रामबागेत मावशीकडे जायचं, वाट बघत बसायचं नाही. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, टॉर्च, शिट्टी, पाण्याची बाटली हे सगळं एका बॅगेत. आणि पोराच्या वाट्याला एकच काम: आजीच्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी त्या बॅगेत आहे का, ते रविवारी बघायचं. एकच, हे मुद्दाम सांगते. मुलाला जबाबदारी द्यायची म्हणून मोठ्यांचं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवायचं नसतं.

मग आवाज. आपल्याकडे गुणी पोर म्हणजे हळू बोलणारं, मोठ्यांच्या मध्ये न बोलणारं. माझ्या खोलीत मी त्याला ‘मला मदत पाहिजे!’ असं ओरडायला सांगितलं, तर त्यानं आधी आईकडे बघितलं. पहिल्यांदा ओठ नुसतेच हलले. दुसऱ्यांदा घोगरं काहीतरी आलं. नंतर आईलाही सोबत ओरडायला लावलं, तेव्हा बाहेर बसलेल्या गृहस्थांनी दार ढकलून आत डोकावून बघितलं आणि पोरगं पहिल्यांदा खळखळून हसलं. हाच आवाज गर्दीत चुकल्यावर लागतो. अंगाला कुणी नको तसा हात लावला तरी हाच लागतो. तो आयत्या वेळी फुटत नाही, आधी वापरलेला असावा लागतो.

पुढची तालीम गणपती पेठेत. आई चार दुकानं पलीकडे उभी, मुलानं दुकानदाराकडे जाऊन सांगायचं: माझं पूर्ण नाव हे, आई दिसत नाही, तिला फोन लावता का, नंबर हा. नंबर पाठ करताना पाढ्याच्या चालीवर म्हटला, दोन दिवसांत बसला. चुकलास तर शोधत फिरायचं नाही, आहेस तिथंच थांबायचं. मदत मागायची ती वर्दीतल्या पोलिसाकडे, गल्ल्यावरच्या दुकानदाराकडे नाहीतर लेकरं सोबत असलेल्या बाईकडे. फोन हाताशी असेल तर ११२, मुलांसाठी १०९८. लॉक असलेल्या मोबाइलवरूनही ११२ लागतो, हे बऱ्याच मोठ्यांनाही ठाऊक नसतं.

पाण्याचे नियम वडिलांनी शिकवले. वाहत्या पाण्यात पाय घालायचा नाही, मग ते घोट्याएवढं का दिसेना. जोराच्या ओढीचं वीतभर पाणीही मोठ्या माणसाला आडवं करतं, शिवाय खाली उघडं गटार आहे की तुटलेली वायर, हे वरून दिसत नाही. आणि कुणी बुडताना दिसलं तर उडी मारायची नाही. ओरडून माणसं गोळा करायची. दोर, ट्यूब, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, ओढणी, जे मिळेल ते लांबून फेकायचं. बुडणारा माणूस जवळ आलेल्याला मिठी मारतो आणि दोघं जातात. हे पोरांना स्पष्ट सांगावं. मित्राला वाचवायला उतरणं त्यांना धाडस वाटतं.

वडिलांचा उत्साह मात्र आवरावा लागला. एका रात्री त्यांनी दिवे घालवून ‘पूर आला, ऊठ!’ असं करून बघितलं. पोरगं थरथरत माझ्याकडे आलं. तालीम नेहमी आधी सांगून, दिवसाउजेडी, खेळासारखी. पुराचे व्हिडिओही दाखवायचे नाहीत. गॅसचा वास, कपड्याला आग असल्या गोष्टी पुढे एकेक करून घ्यायच्या. गॅसचं एवढंच की विजेचं बटण दाबायचं नाही, बाहेर पडून मोठ्यांना सांगायचं आणि मोठ्यांनी १९०६ ला फोन करायचा.

सगळ्याच भीती अशा निवळत नाहीत. महिनोन्‌महिने वाईट स्वप्नं, अंथरूण ओलं होणं, खाणं तुटणं असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायलाच हवं. या मुलाचं तिथवर गेलं नव्हतं. पाऊस सरेपर्यंत दप्तर उशावरून खाली गेलं. प्रश्न अजून विचारतो, पण उत्तर बऱ्याचदा स्वतःच देतो. एका रविवारी गोळ्यांची मुदत संपलेली दिसली म्हणून वडिलांना त्यानं भर पावसात मेडिकलला पिटाळलं, तेव्हा आजीनं त्याला चहात बुडवून खारी दिली.

राहिलं पोहणं. वडील स्वतः पाठीला डबा बांधून घाटावर शिकलेले, त्यांना मुलालाही नदीतच घालायचं होतं. मी नको म्हणाले. कृष्णेत मगरी आहेत आणि वाळू उपशानं डोह कुठे पडलाय ते सांगता येत नाही. मे महिन्यात त्याला पोहण्याच्या तलावावर घातलं, पहिलं काम पाठीवर तरंगायचं. ते जमलं. तोंड मात्र अजून पाण्यात घालत नाही. आई म्हणते, नाही घातलं तरी चालेल. ते मी अजून मान्य केलेलं नाही.