वाचक विचारतात: लग्नाची नोंद सापडत नाही, म्हणजे लग्नच झालं नव्हतं का?

प्रश्न: नमस्कार ताई. माझी सून इंग्लंडची आहे, तिच्या आईचं घराणं स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनचं. रिटायर झाल्यापासून मी तिच्यासोबत त्यांची वंशावळ जुळवतोय. १७३० च्या दशकातल्या एका जोडप्याच्या चार मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी तिथल्या चर्चच्या रजिस्टरमध्ये मिळाल्या, पण आईवडिलांच्या लग्नाची नोंद काही मिळत नाही. सून जरा हिरमुसलीय, म्हणते लग्न न करताच राहत असतील. असं असेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: काका, सुनेला आधी सांगा की हिरमुसू नको, कारण त्याच गावातल्या, त्याच चर्चमधल्या सगळ्यात प्रसिद्ध माणसाच्या लग्नाची नोंदसुद्धा त्या रजिस्टरमध्ये नाहीये. विल्यम शेक्सपिअर! होली ट्रिनिटी चर्चच्या वहीत त्याचा बाप्तिस्मा आहे, २६ एप्रिल १५६४, दफन आहे, २५ एप्रिल १६१६, तिन्ही मुलांचे बाप्तिस्मे आहेत, दोन्ही मुलींची लग्नंसुद्धा आहेत, पण त्याचं स्वतःचं लग्न नाही. मग ते झालं हे कळलं कुठून? तर वूस्टरला बिशपच्या दप्तरात.

तेव्हा लग्न करायचं तर चर्चमध्ये तीन वेळा, रविवारी नाहीतर सणाच्या दिवशी, जाहीर पुकारा व्हायचा, कुणाची हरकत असेल तर बोला म्हणून. पण १५८२ च्या नोव्हेंबरात शेक्सपिअरकडे तेवढा वेळच नव्हता, अ‍ॅन हॅथवेला, म्हणजे त्याच्या होणाऱ्या बायकोला, दिवस गेलेले, आणि २ डिसेंबरला अ‍ॅडव्हेंट लागत होता, म्हणजे आपल्या चातुर्मासासारखं, तेव्हापासून थेट १३ जानेवारीपर्यंत लग्नं बंद. म्हणून एकाच पुकाऱ्यावर लग्न लावायचं लायसन्स काढलं, आणि २८ नोव्हेंबरला मुलीकडच्या दोन शेतकऱ्यांनी ४० पौंडांचा हमीबॉण्ड लिहून दिला, पुढे काही कायद्याचं लचांड निघालं तर बिशपला तोशीस नको म्हणून. तो बॉण्ड राहिला, म्हणून आज आपल्याला लग्न माहीत आहे.

आणि गंमत बघा, आदल्या दिवशीच्या लायसन्सच्या नोंदीत नवरीचं नाव आहे टेंपल ग्राफ्टनची अ‍ॅन व्हेटली, आणि बॉण्डवर स्ट्रॅटफर्डची अ‍ॅन हॅथवे! यावर लोकांनी दुसरी प्रेयसी वगैरे रचली, पण बहुतेक अभ्यासक म्हणतात की कारकुनाने चुकून दुसरंच नाव लिहिलं, आणि मलाही तेच पटतं. एका दिवसात आडनावच बदललं, तर तुमच्या १७३० च्या जोडप्याचं आडनाव चार तऱ्हेने लिहिलेलं असू शकतं, म्हणून ऑनलाईन शोधताना एकाच स्पेलिंगवर अडून बसू नका.

आता तुमचं. लग्न बहुतेक वेळा मुलीच्या माहेरच्या पॅरिशमध्ये, म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीत, लागायचं, आणि मुलं सासरच्या गावात. स्ट्रॅटफर्ड बाजाराचं गाव, ११९६ पासून बाजाराची सनद आहे, गुरांच्या बाजारावरून रस्त्याचं नावच रॉदर स्ट्रीट पडलं, रॉदर म्हणजे जुन्या इंग्रजीत गुरं. अशा बाजाराला आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं येणार, सोयरिकी जुळणार, तेव्हा पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या आधीची दोन-तीन वर्षं धरून भोवतालच्या पाच-सहा मैलांतल्या पॅरिशेस आधी बघा. मग वूस्टरची लायसन्सं आणि बॉण्ड, कारण स्ट्रॅटफर्ड तेव्हा वूस्टरच्या बिशपच्या हद्दीत होतं. १५९८ पासून दर वर्षी रजिस्टरची नक्कल बिशपकडे पाठवायची असा नियम होता, मूळ पान फाटलं किंवा पुसलं असेल तर या नकला कामाला येतात.

तारखांमध्ये मात्र सांभाळा. १७५२ पूर्वी तिकडे नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. शेक्सपिअरच्या जुळ्यांचा बाप्तिस्मा आपण २ फेब्रुवारी १५८५ म्हणतो, पण वहीत ते १५८४ च्या सालात आहे. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतला मुलाचा बाप्तिस्मा आईवडिलांच्या लग्नाच्या आधीचा वाटू शकतो आणि उगाच गैरसमज होतो, तुमच्या सुनेचा झालाय तसा.

अजून एक, १७५४ च्या आधी लग्नाच्या नोंदीत बऱ्याचदा फक्त तारीख आणि दोन नावं असतात, बस. लग्नांविषयीचा हार्डविकचा कायदा २५ मार्च १७५४ पासून लागू झाला आणि मग छापील नमुन्यात नवरा-नवरीची सही, साक्षीदारांच्या सह्या, लिहिता येत नसेल तर फुलीची खूण आली. तुम्ही शोधताय ते लग्न त्याच्या आधीचं, म्हणून नवरा-नवरीच्या आईवडिलांची नावं त्यात मिळतील अशी आशा धरू नका, ती १८३७ च्या जुलैपासूनच्या नोंदींत येतात, तीही २०२१ पर्यंत फक्त वडिलांची. पण त्या चार मुलांपैकी कुणाचं लग्न १७५४ नंतर झालं असेल, तर त्या पानावर त्याच्या किंवा तिच्या हातची सही किंवा फुली सापडेल, आणि ती बघताना सुनेला जे वाटेल ते मला पत्राने नक्की कळवा. स्ट्रॅटफर्डची मूळ रजिस्टरं तिथल्याच शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टकडे आहेत, पुढच्या वेळी तिकडे गेलात की आधी विचारून जा, आणि पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याची तारीख लिहिलेला कागद बरोबर ठेवा.