ईएसटीजे मुलगा नको!

"मॅडम, टेस्टमध्ये आमचे टाइप जुळत नाहीत. मग पुढे जायचं का?" नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये हा प्रश्न हल्ली इतक्यांदा येतो की शेवटी लिहायलाच बसले. टेस्ट म्हणजे नेटवरची व्यक्तिमत्त्व चाचणी. ती माणसांचे सोळा टाइप पाडते आणि प्रत्येकाला चार इंग्रजी अक्षरं चिकटवते. कधी लग्नाच्या जागी नोकरी असते, "मी इंट्रोव्हर्ट, मला सेल्स झेपेल का?" बाकी काळजी तीच.

सायली (नाव बदललंय) सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला आहे. तिला आईच घेऊन आली. स्थळ चांगलं, मुलगा पुण्यात आयटीत. दोघं गंगापूर रोडला एकदा भेटले. घरी येऊन हिनं त्याला चाचणीची लिंक पाठवली, त्यानं बिचाऱ्यानं भरली. तो निघाला ईएसटीजे, ही आयएनएफपी, म्हणजे चारही अक्षरं वेगळी. झालं, नकार! "आम्ही छत्तीस गुण बघायचो, ही सोळा टाइप बघते," आई वैतागली होती.

"ईएसटीजे म्हणजे हुकूम सोडणारे. दुसऱ्याचं मन कळतच नाही त्यांना," सायली ठाम होती.

"असे किती जण ओळखतेस?"

"रील्समध्ये असतं ना."

"आणि हा कसा वागला त्या दिवशी?"

ती घुटमळली. "वेटरनं भलतंच आणून ठेवलं, तर तेच खाल्लं त्यानं. म्हणाला, असू दे, गर्दी आहे."

मी गप्प राहिले. कुठे गप्प राहायचं, हे एवढ्या वर्षांत कळायला लागलंय.

पुढच्या वेळी तिच्या निकालाचा स्क्रीनशॉट मागितला. 'अंतर्मुख ५३ टक्के.' म्हणजे दोन-तीन उत्तरं इकडची तिकडे झाली असती तर बाई बहिर्मुख! या चाचण्या पन्नासवर रेघ मारतात आणि काठावरच्या दोघांना दोन टोकांच्या खोक्यांत टाकतात. म्हणून तर काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की बऱ्याच जणांची अक्षरं बदलतात. मूळ कल्पना स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंगच्या १९२१च्या पुस्तकातली. तिची प्रश्नावली केली कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्र रीतसर शिकलेलं नव्हतं. नेटवरच्या फुकट चाचण्या तर बहुतेक नुसत्या त्या धर्तीवरच्या.

"पण मॅडम, वर्णन अगदी माझंच होतं!" हेही सगळेच म्हणतात. १९४८ साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'खास तुझं' म्हणून एकच वर्णन दिलं. त्यातली बरीचशी वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली. वर्णन किती जुळतं, याला पोरांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले!

सायलीला हे सगळं पटलं, तरी नकार कायम. तेव्हा विचारलं, "समज त्याची अक्षरं तुझ्यासारखीच आली असती, तर हो म्हणाली असतीस?"

बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत बसली. "नाही... मला नाशिक सोडायचं नाहीये."

"मग तेच सांग ना."

"आमच्याकडे हे कारण चालत नाही, मॅडम."

तिथे मला उलगडा झाला. आपल्याकडे स्थळ नाकारायचं असलं की 'पत्रिका जुळत नाही' म्हणतात, कुणी दुखावत नाही. सायलीनं नव्या काळाची पत्रिका शोधली होती. चाचणी खरी की खोटी, यावर मी कितीही दिवस वाद घातला असता तरी तिची गाठ सुटली नसती.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारांत वाढलेली. माणसावर शिक्का मारू नका, वागण्याबद्दल बोला, हा माझा हट्टच असतो. 'मी इंट्रोव्हर्ट आहे' म्हणण्यापेक्षा 'अनोळखी लोकांत पहिली दहा मिनिटं मला बोलायला सुचत नाही' असं म्हणा. दहा मिनिटांवर काम करता येतं, शिक्क्यावर काय करणार? चाचणी खुशाल द्या, मित्रांत हसा. पण अक्षरं पुढे करून काही टाळावंसं वाटलं, तर ती नसती तर काय कारण दिलं असतं, ते आधी कागदावर लिहा. आणि आईवडिलांनो, मुलीचं साधं 'नको' ऐकून घेत जा.

सायली त्या मुलाला पुन्हा भेटली, नाशिकचं स्पष्ट बोलली. त्याला पुणं सोडणं शक्य नव्हतं. नकार झाला, दोघांच्या संमतीनं. आई अजून थोडी नाराज आहे.